पाताळाच्या दारात

मी खिळा ठोकायचे आणि दिगूमामा तो उपटायचे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी पाटी कमानीला लावली, तेव्हा त्यांनी माझ्या हातातली हातोडीच काढून घेतली आणि स्वतःच्या कमरेला खोचली.

"शालन, पाटी लागणार नाही."

"लागणार."

"मग देखावा तूच उभा कर. मी जातो घरी."

ते घरी जाणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं नि मलाही. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचा होता, कमानीचा रंग अजून ओला होता आणि तीन आठवडे या माणसानं घरचं ताट बघितलं नव्हतं. दिगंबर सुतार. माझे सख्खे मामा नव्हेत, सगळ्या गल्लीचेच मामा. विट्यातल्या आमच्या धूमकेतू तरुण मंडळाचा देखावा वीस वर्षं त्यांच्याच हातचा. सुतारकाम पोटापुरतं करायचे, जीव सगळा देखाव्यात.

दोन हजार चार साल ते. त्या वर्षी मामांनी गुहा केली होती. लांबून बघायची नव्हे, आत शिरून चालायची. बांबू, तट्ट्या, त्यावर मातीत बुडवलेली बारदानं आणि वरून काळा रंग. ऐंशी फूट वाकडीतिकडी वाट. वीस-वीस माणसं आत सोडायची. आधी धूर, मग ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांवर टाकलेल्या फळ्यांचा पूल, पाय ठेवला की डुलणारा. माणसं पुलाच्या मध्यावर आली की सगळे दिवे बंद. दहा सेकंद मिट्ट काळोख, कानठळ्या बसवणारा दणका, आणि लाल उजेडात समोर उडी घेणारा पाताळातला असुर. किंकाळ्या फोडत माणसं पुढच्या वळणावर पळाली की तिथं समयांच्या उजेडात बसलेला गणपती.

असुर म्हणजे आमचे मालक. एरवी शिलाई मशीनवर मान खाली घालून बसणारा माणूस, गिऱ्हाइकाचं माप घेतानाही लाजायचा. पण अंगाला काळं फासून शिंगं चढवली की त्यांच्यात कुठून बळ यायचं कोण जाणे. रंगीत तालमीत मी बायको असून किंचाळले होते.

रांग माझ्याकडं होती. मी एस.टी.त कंडक्टर. उभ्या माणसांना 'पुढं सरका' म्हणून सरकवण्यात माझी हयात गेलेली, म्हणून मंडळातल्या पोरांनी आधीच ठरवलं होतं, रांगेला शालनवैनीच पाहिजेत. तालीम बघून आल्यावर मीच घरी बसून पाटी रंगवली होती. 'आत अंधार, धूर व अचानक मोठा आवाज आहे. हृदयविकार व दमा असणारे, तसेच गरोदर स्त्रिया यांनी आत जाऊ नये. हुकुमावरून.'

"आता तूच वाच ती," मामा म्हणाले. "हे वाचून आत गेलेला माणूस काय करील? दणका कुठनं येतोय, धूर कुठनं सोडलाय, हेच हुडकत बसेल. त्याला गुहा दिसायचीच नाही. बारदान दिसेल. ते बारदान दिसू नये म्हणून मी तीन आठवडे मरतोय."

"आणि कुणाला काही झालं तर?"

"वीस वर्षांत कुणाला झालं?"

"वीस वर्षं लोक दोरीच्या पलीकडं उभं राहून बघत होते, मामा. आता आत जाणार आहेत."

त्यावर मामा आवाज खाली आणून म्हणाले, "भ्यालेला माणूस गणपतीपुढं आला ना, की त्याचा नमस्कार खरा असतो. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप. आणि तू दारातच त्याला सांगणार, भिऊ नको बाबा, सगळं खोटं आहे, हुकुमावरून. पाताळात कुणाचा गं हुकूम?"

मला उलट उत्तर सुचायला कधी वेळ लागत नाही. "पाताळाच्या राखणदारणीचा," मी म्हटलं.

मामांनी कमरेची हातोडी काढून बाकावर ठेवली. माझ्याकडं बघत राहिले. "परत बोल," म्हणाले.

असं ते ठरलं. पाटीतला मजकूर राखणदारणीच्या तोंडी घालायचा आणि राखणदारीण मी व्हायचं. सांगायचं ते सांगूनही होतंय आणि गुहाही दारापासूनच सुरू होतेय. मामा खूष, मीही खूष. माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट, मग काय विचारता.

आता जिवंत देखाव्यात आमच्याकडं कुणी खरं बोलत नाही, हे सांगायला हवं. सगळे संवाद आधी ट्रॅकवर भरून घेतात. मागं संगीत, गडगडाट, सगळं त्यातच. देखाव्यातली माणसं त्या आवाजावर नुसते ओठ हलवतात. तोंड आपलं, आवाज दुसऱ्याचा. मामांनी रातोरात सांगलीला माणूस धाडून एका बाईंच्या भरड्या आवाजात माझं बोलणं भरून आणलं. मला अजून पाठ आहे. 'थांब, मर्त्य मानवा. ज्याचं काळीज अधू आहे, ज्याचा श्वास तोकडा आहे, जिच्या उदरी जीव वाढतो आहे, त्यांना या दारी मज्जाव आहे. माघारी फिर. पाताळ कुणाला दोनदा सांगत नाही.'

काय गाजलं म्हणून सांगू. मोकळ्या सोडलेल्या जटांचा टोप, कपाळभर भस्म, हातात त्रिशूळ, आणि उंच दगडावर उभी मी. 'दोनदा सांगत नाही' आलं की रांगेतल्या बाया एकमेकींचा हात धरायच्या. तिसऱ्या दिवशी आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं आली. पोरं रस्त्यात मला अडवून तो संवाद म्हणायला लावायची. मी म्हणायचे पण. माझेही पाय जमिनीवर नव्हते.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती असं नाही. तीन दिवसांत माघारी कुणीच फिरलं नव्हतं. हजारो माणसांत एकाचंही काळीज अधू नसेल? पण मी त्याचा अर्थ असा काढला, की आपलं काम इतकं छान होतंय की लोकांना राहवतच नाही. असा अर्थ काढायला अक्कल लागत नाही, नुसती हौस लागते.

पाचव्या दिवशी, दिवेलागण नुकतीच झाली होती. पुढच्या वीस जणांत मला शेटे तात्या दिसले.

तात्या माझे नेहमीचे प्रवासी. पोस्टातून रिटायर झालेला माणूस. दर मंगळवारी, शुक्रवारी माझ्या सकाळच्या गाडीनं कऱ्हाडला लेकीकडं जायचे. गाडी सुटली की खिशातून पुडी काढायचे, माझ्या बाटलीतलं पाणी मागायचे, गोळी घ्यायचे. एकदा मी विचारलं होतं कसली म्हणून. "काळजाची," म्हणाले होते. "ही एक चुकली की आमची गाडी डेपोत."

म्हणजे मला माहीत होतं. रांगेत उभ्या सगळ्या माणसांत या एका माणसाचं मला पक्कं माहीत होतं.

त्यांनी मला ओळखलं आणि हसून मान हलवली. ट्रॅक सुरू झाला. मी त्रिशूळ उचलला. बरं, मी काही केलं नाही असंही नाही. 'ज्याचं काळीज अधू आहे' आलं तेव्हा मी त्यांच्याकडं वळले. त्रिशूळ नेमका त्यांच्यावर रोखला. डोळे मोठे केले. 'माघारी फिर' ला तर मी खरंच मान हलवून त्यांना खुणावलं. तात्यांनी कौतुकानं दोन्ही हात जोडले, बाजूच्या माणसाला कोपरानं ढोसलं, आमच्या बाई बघा म्हणून, आणि आत गेले.

दगडावरून खाली उतरायला दोन पायऱ्या होत्या. मी उतरले नाही. पुढची वीस माणसं समोर येऊन उभी राहिली होती आणि राखणदारीण कधी दगड सोडत नाही, असं मामांनी बजावलेलं होतं. मनाला म्हटलं, सांगितलं की मी.

दणका झाला, नेहमीच्या किंकाळ्या झाल्या. मग कमानीतून असुर बाहेर आला.

तो कधीच बाहेर येत नसे. दोन्ही हातांवर एक माणूस आडवा घेतलेला, शिंगं वाकडी झालेली, तोंड वासलेलं. कर्ण्यातून असुराचं गडगडाटी हसू चालू होतं, 'या, माझ्या उदरात या,' आणि ह्यांचे ओठ हलत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या पडल्या. मागची माणसं नीट दिसावं म्हणून पुढं रेटायला लागली, बापांनी पोरं खांद्यावर घेतली. वाट सुटायच्या ऐवजी बंद होत गेली. मंडळाचे कार्यकर्तेसुद्धा हसून बघत होते, असुरानं आज काहीतरी नवीन काढलं म्हणून.

आणि खोटं कशाला बोलू, पहिले दोन-तीन क्षण मलाही तसंच वाटलं. नवऱ्याचं कौतुक वाटलं. मग ह्यांचे ओठ बघितले. ट्रॅक म्हणत होता एक आणि ओठ म्हणत होते दुसरंच. पाच वर्षं हा माणूस देखाव्यात ओठ हलवतोय, एक अक्षर कधी चुकला नव्हता. ते ओरडत होते. "वाट सोडा. माणूस पडलाय. वाट सोडा." घशाच्या शिरा ताणून ओरडत होते आणि कुणाला अक्षर ऐकू जात नव्हतं. हातावरचं डोकं मागं लवंडलं तेव्हा मला तात्यांचा चेहरा दिसला.

मी दगडावरून उडी टाकली. अँप्लिफायरची वायर हातात सापडली ती ओढली, ठिणगी पडली, आणि सगळं एकदम गप्प झालं. डोक्यावरच्या जटा काढून फेकल्या आणि माझ्या स्वतःच्या आवाजात, स्टँडवर वापरते त्या आवाजात ओरडले, "देखावा बंद झालाय. हा खरा माणूस आहे, ह्याला खरं झालंय. डावीकडचे डावीकडं सरा, उजवीकडचे उजवीकडं. जीप आणा कुणीतरी."

मग वाट झाली. लगेच झाली. लोक वाईट नव्हते हो, त्यांना कळलं नव्हतं.

तात्या वाचले. ॲटॅकच होता, पण दवाखाना दोन गल्ल्यांवर होता आणि डॉक्टर जागेवर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात आले तर दिगूमामा स्टुलावर चढून पाटी ठोकत होते. माझीच पाटी. तिच्या शेजारी दुसरी, तिच्याहून मोठी, लाल अक्षरांत. रात्रभर झोपले नसावेत. खिळे तोंडात धरून म्हणाले, "तुझं खरं होतं. लावल्या बघ."

आमचे मालक कोपऱ्यात बसून शिंगं चिकटवत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी आता उडी मारणार नाही. नुसता उभा राहीन. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खाली बसले, शालन. मला वाटलं भ्यालेत. मी आणखी एक डरकाळी फोडली."

दुपारी मोसंबी घेऊन दवाखान्यात गेले. तात्या उशीला टेकून बसले होते, लेक शेजारी. मी पायाशी उभी राहिले आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "बाई, काय सोंग वठवलंत तुम्ही. अंगावर काटा आला."

"तात्या, मी तुम्हाला सांगत होते. तुमच्याकडं बघून सांगत होते. काळीज अधू आहे त्यानं आत जाऊ नये म्हणून."

"ते दिसलं की मला. माझ्यावर त्रिशूळ रोखलात. म्हटलं, ओळखीच्या माणसाला मुद्दाम मान दिला." ते हसले आणि मोसंबीची फोड तोंडात घातली. "मला वाटलं ते देखाव्यातलं. खाली उतरून नुसतं 'तात्या, तुमची गोळी' एवढं म्हणाला असतात, तर मी कशाला आत गेलो असतो?"

लेकीनं त्यांना गप्प केलं, दमताय म्हणून. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, साधं बोलले ते. राग असता तर मला बरं वाटलं असतं. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी पोटभर रडले, तोंड धुतलं आणि तिथून थेट मांडवात गेले.

"मामा, पाट्या राहू देत," मी म्हटलं. "पण पाटी कुणी वाचत नाही. माझ्या गाडीत 'हात बाहेर काढू नये' लिहिलंय, सगळ्यांचे हात बाहेर असतात. उद्यापासून मी दारात उभी राहणार. साध्या साडीत. एकेकाला विचारणार."

"काय विचारणार?"

"काळजाचा त्रास आहे का, दमा आहे का, दिवस गेलेत का. आत अंधार आहे, पूल हलतो, मोठा दणका होतो. तोंडानं सांगणार, डोळ्यांत बघून. ओळखीचं असेल त्याला नावानं."

"एकेकाला? एवढ्या माणसांना? रांग चौकापर्यंत जाईल."

"जाऊ दे."

"आणि माझी गुहा? दारात दवाखाना मांडल्यावर आत पाताळ कसं वाटणार लोकांना? परवा परीक्षक येणारेत, शालन."

आमच्या तालुक्यात देखाव्यांची मोठी स्पर्धा असते आणि मामांचा नंबर चार वर्षं हुकत होता. त्यांना हे किती लागतंय ते मला दिसत होतं. पण मी जिन्यात रडून आले होते, आता माझ्यात हलायचं काही शिल्लक नव्हतं.

"कमानीच्या अलीकडं वीस पावलं माझी," मी म्हटलं. "तिथं ट्यूबलाइट लावा, खुर्च्या टाका. तिथं पाताळ नाही, तिथं आपलं विटा गाव. कमानीच्या पलीकडं सगळं तुमचं. तिथं मी एक शब्द बोलणार नाही. दगडावर चौगुल्यांच्या सुनेला उभी करा, तिचे डोळे माझ्यापेक्षा मोठे आहेत."

मामा पुटपुटत निघून गेले. पण संध्याकाळी ट्यूबलाइट लागलेली होती.

मी मालकांकडं गेले. "उडी मारायची," म्हटलं. "पूर्ण मारायची. डरकाळीसकट."

"आणि परत कुणी..."

"आत येईल तो माझ्या हाताखालून आलेला असेल. तुम्ही तुमचं काम करा. दारात मी बघते."

पहिल्या दिवशी शिव्या खाल्ल्या. रांग चौकाच्या पुढं गेली. एक म्हणाला, "बाई, तिकीट फाडताय की काय?" मी म्हटलं, "फाडते, पण आधी सांगा, दमा आहे?" तो हसला आणि मग म्हणाला, आहे. त्याला धुराचं सांगितलं, तो मागच्या वाटेनं गणपतीच्या दर्शनाला गेला. त्या एका संध्याकाळी चौतीस माणसं बाजूला झाली. चौतीस. आधीच्या दिवसांत अशी माणसं सगळी आत गेली होती. पोटुशा पोरी सासूकडं बघायच्या आणि माझ्या कानात सांगायच्या. एका धडधाकट पैलवानानं चौकशी केली, अंधाराची लई भीती वाटते, ते चालतं का.

आणि मजा अशी, की आतल्या किंकाळ्या कमी झाल्या नाहीत. वाढल्या. एकदा विचारून झालं की माणूस निर्धास्त होतो, मग मोकळ्या मनानं भितो. हे मला कुणी शिकवलं नाही, बाहेर उभं राहून ऐकू येत होतं.

आठव्या दिवशी सातच्या सुमाराला परीक्षक आले. एक रिटायर प्राचार्य, एक नाटकवाले गृहस्थ आणि नगरपालिकेतल्या एक बाई. निकालाचं आत्ताच सांगून टाकते, आमचा नंबर तिसरा आला आणि प्राचार्यांनी शेऱ्यात लिहिलं की प्रवेशद्वारावरील चौकशीमुळे रसभंग होतो. असो.

रिवाज असा, की परीक्षकांना देखावा ज्यानं केला त्यानं स्वतः फिरवून दाखवायचा. मामा धुतलेला सदरा घालून, टोपी सरळ करून त्यांच्या पुढं उभे होते. मी प्राचार्यांना विचारलं.

"अहो, आम्ही परीक्षक आहोत," ते म्हणाले.

"हो सर. बीपी आहे का?"

मामांनी डोळे मिटून घेतले. प्राचार्य म्हणाले नाही. नाटकवाले म्हणाले नाही. बाई म्हणाल्या, बीपी आहे पण गोळी चालू आहे, आत नेमकं काय आहे ते सांगा. मी सगळं सांगितलं, त्यांनी विचार केला आणि जाते म्हणाल्या. तिघं कमानीकडं सरकले. मामा त्यांच्या पुढं व्हायला लागले.

"मामा," मी म्हटलं.

"आता काय?"

"तुम्हाला विचारायचं राहिलं."

"अगं, मी केलीय ती गुहा."

"सगळ्यांना विचारते ना मी. दिगूमामा, काळजाचा काही त्रास?"

ते हो म्हणतील असं मला वाटावं, असं काही नव्हतं. मी आपली रीत म्हणून विचारलं, रीत मोडायची नाही एवढ्याच हट्टानं. मामांनी परीक्षकांकडं बघितलं, कमानीकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"चैत्रात सांगलीला कार्डिओग्राम काढला," ते हळूच म्हणाले. "डॉक्टरनं शिडी चढू नको म्हटलंय. दगदग नको, दचकायचं नको."

"घरी माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मला का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही," मामा म्हणाले.

परीक्षक थांबले होते. मामांनी टोपी काढली, प्राचार्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं साहेब. मला आत जाता येत नाही." आणि ट्यूबलाइटखालच्या खुर्चीवर येऊन बसले, दमेकऱ्यांच्या आणि पोटुशा पोरींच्या रांगेत.

मी त्यांच्या शेजारी बसले. माझी रांग पाच मिनिटं थांबली, थांबू दे. कमानीकडून त्या बाईंचा भरडा आवाज आला, दोनदा सांगत नाही. मामा कान देऊन ऐकत होते.

"मी धूर सोडून, दिवे घालवून एकदापण बघितली नाही गं ती," ते म्हणाले. "धाडस झालं नाही. दिवसा बल्ब लावून बघितली तेवढीच. कशी वाटते?"

मग मी त्यांना सांगत गेले. आता वळण आलं, मामा. आता भिंती जवळ येतात, हाताला ओल लागते. धुरात पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही. बारदान कुठंच दिसत नाही, डोंगर वाटतो डोंगर. मामांनी डोळे मिटले. त्यांचे पाय खुर्चीखाली एकेक पाऊल टाकल्यासारखे हलत होते.

"आता पुलावर आले," मी म्हटलं. "फळ्या डुलायला लागल्या. आता अंधार होईल. आणि मामा, आता मोठा दणका होणार आहे बरं का, दचकू नका..."

"गप गं," मामा डोळे न उघडता म्हणाले. "सगळं सांगून टाकतीस."

मी त्यांचा हात तेवढा धरून ठेवला.